विंटर टायर : पाच महिने, साडेसात हजार किलोमीटर आणि तो पिवळा दिवा

टायर कोणते, साइज काय, हे ओटावातल्या मंडळींना फार सांगत बसत नाही. नोकियनचे हाक्कापेलिट्टा, 16 इंची, बिनखिळ्यांचे. (बर्फात रुतणाऱ्या खिळ्यांचे टायर आपल्या ऑन्टारिओ प्रांतात फक्त उत्तरेकडच्यांना चालतात, आपण त्यात बसत नाही.) नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात चढवले, परवा एप्रिलमध्ये उतरवले. पण मला लिहायचंय ते दिव्याबद्दल.

टायर बसवताना दुकानदाराने विचारलं, प्रेशरचे सेन्सर घालायचे का? एकाचे 70 डॉलर. म्हणजे चार चाकांची हवा बघायला 280! बारा डॉलरला हवा मोजायचा गेज मिळतो. शिवाय कॅनडात या सेन्सरची कायद्याने सक्ती नाही, हे मी आधीच वाचून गेलो होतो. नको म्हटलं. रिमही जुन्या, लोखंडी, एकाच्या गॅरेजमधून चारही मिळून 120 ला उचललेल्या. त्या दिवशी घरी येताना मी भलताच खुशीत होतो.

दुसऱ्या दिवसापासून डॅशबोर्डवर टायरचं चित्र आणि मधे उद्गारचिन्ह. गाडी चालू केली की मिनिटभर लुकलुकायचं, मग पेटलेलंच. ऑफिसला जाताना, दुधाला जाताना, रात्री काळोखात तर डोळ्यातच. चार दिवसांनी दुकानात जाऊन भांडलो, बंद करून द्या म्हणून. तो म्हणाला, दिव्यात बिघाड नाही, सेन्सर सापडत नाहीत एवढंच गाडी सांगतेय. मग काय, बायकोच्या डबीतली काळी टिकली घेतली आणि त्यावर चिकटवली. ‘गाडीला दृष्ट लागायला नको’, एवढंच ती म्हणाली.

आता टायरबद्दल, कारण ते खरंच उत्तम आहेत. बाबांनी फोनवर विचारलं होतं, ‘टायरलाही उन्हाळा-हिवाळा असतो का रे?’ असतो. साध्या टायरचं रबर 7 अंशांच्या खाली कडक होत जातं, यांचं मऊ राहतं. डिसेंबरात एका संध्याकाळी शून्याच्या आसपास बारीक पाऊस पडत होता आणि पडताक्षणी गोठत होता. उणे पंचवीसपेक्षा हे जास्त वाईट, कारण बर्फावर पाण्याचा पापुद्रा असतो. 417 हायवेवरून उतरलो, रॅम्पच्या तळाशी सिग्नल लाल. पुढची मोठी फोर-व्हील ड्राइव्ह गाडी ब्रेकने चारही चाकं घट्ट अडकलेली असूनही तशीच सरकत सिग्नलच्या पलीकडे गेली. चारी चाकांना ताकद मिळते ती गाडी ओढायला, थांबायला नाही. मी ब्रेक दाबून धरला. पेडल पायाखाली थडथड थडथड करतं, ते एबीएस, म्हणजे चाकं अडकू न देणारी ब्रेकची यंत्रणा, चालल्याचं लक्षण. घाबरून पाय उचलायचा नाही. गाडी रेघेच्या हातभर अलीकडे थांबली. त्या रात्री या टायरना मी पाचपैकी पाच दिले.

विम्यातही फायदा झाला. ऑन्टारिओत विंटर टायरसाठी 2016 पासून कंपन्यांना सवलत द्यावीच लागते, मात्र तोंडाने मागावी लागते. माझे 80-एक डॉलर सुटले. नदीपलीकडे क्युबेक प्रांतात 1 डिसेंबर ते 15 मार्च सक्तीच आहे, नाहीतर 200 डॉलरपासून दंड. तिकडच्या गॅटिनोचा सहकारी म्हणतो, आम्हाला सक्ती, तुम्हाला सवलत, नशीब आहे.

इथपर्यंतचं नाताळच्या सुट्टीत लिहून ठेवलं होतं. जानेवारीत मत बदललं.

उणे 27 ची सकाळ. एवढ्या थंडीत बर्फ वितळवायचं मीठही फारसं काम करत नाही, रस्त्यावर नुसती वाळू. सिग्नलला ब्रेक दाबला की गाडी उजवीकडे ओढायला लागली. दोन दिवस टायरलाच शिव्या घातल्या, हजार डॉलर पाण्यात म्हणून. तिसऱ्या दिवशी गेज काढला. बारा डॉलरचा तो गेज पाकिटातून बाहेरच आला नव्हता! तीन चाकांत 27 पौंड हवा. थंडीत पाच-सहा अंशांना एक पौंड हवा उतरते, तेव्हा नोव्हेंबरातल्या 33 चे 27 होणं ठीकच. पुढच्या उजव्या चाकात 17.

गावाकडे पंक्चरवाला ट्यूब घमेल्यात बुडवतो, तसं मी गॅरेजमध्ये भांडी घासायचं लिक्विड पाण्यात कालवून चाकावर ओतलं. व्हॉल्व कोरडा, नक्षी कोरडी. पण टायर आणि रिम भेटतात त्या कडेला, बोटभर जागेत, मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक. आतून गंज धरला होता. रिम घासून, टायर पुन्हा बसवून 45 डॉलर गेले. आणि पंपावर हवेलाही दोन डॉलर घेतात, हे अजून पचत नाही मला.

म्हणजे सेन्सर असते, तर दिवा 25 पौंडांच्या आसपासच पेटला असता आणि मला कळलं असतं. इथे तो पहिल्या दिवसापासून पेटलेला, त्यावर वर टिकली. पुढच्या हिवाळ्यासाठी सेन्सर सांगून ठेवलेत. भाव आता 75 झालाय.

टायर हवे असतील तर डोळे झाकून घ्या, रिम मात्र कडा बघून. सेन्सरवाली उन्हाळी चाकं चढवली आणि दिवा आपोआप विझला. टिकली काढली, पण प्लास्टिकवर गोंदाचा गोल डाग राहिलाय. खोबरेल लावून झालं, निघत नाही. कुणाला काही उपाय माहीत असेल तर सांगा.