ऑडिओ सीडी की एमपी३ सीडी? आधी प्लेअर बघा, मग गाणी

गाणं फोनवर वाजतं, लॅपटॉपवर वाजतं. सीडी राइट करून आबांच्या जुन्या प्लेअरमध्ये घातली की मात्र नुसतं 'एरर'. मग सगळा राग फाईलवर निघतो. बहुतेक वेळा फाईलमध्ये काही खोट नसते, त्या प्लेअरला चालेल अशी सीडीच आपण केलेली नसते. राइट करताना सॉफ्टवेअर 'ऑडिओ सीडी' की 'डेटा सीडी' असं विचारतं. तिथं आपण न वाचता पुढं जातो आणि घोळ तिथंच होतो.

ऑडिओ सीडीचा नमुना सोनी आणि फिलिप्सनं १९८० साली ठरवला: ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ. तिच्यावर एमपी३, एम४ए असलं काही जातच नाही. तुम्ही कुठलीही फाईल द्या, सॉफ्टवेअर ती उलगडून याच एका साच्यात घालतं. म्हणून १९९० च्या आसपासचा प्लेअरही ती वाजवतो. फाईल सॉफ्टवेअरला उघडता आली नाही, तर ते राइट करायच्या आधीच अडतं, सीडी वाया जात नाही. एमपी३ सीडीचं, म्हणजे त्या 'डेटा सीडी'चं, उलटं आहे. तिथं फाईल जशीच्या तशी चढते, राइटिंग सुरळीत पार पडतं आणि रडगाणं सुरू होतं थेट गाडीत. मला विचाराल तर या दोघींतला खरा फरक हाच. बाकीचं त्याच्या खालोखाल.

अर्थात ऑडिओ सीडीत मावतं फक्त ८० मिनिटं. कोल्हापुरातून पुण्याला निघालात तर कराडच्या आसपास पहिलं गाणं पुन्हा सुरू. ७०० एमबीच्या त्याच सीडीवर १२८ किलोबिटची (म्हणजे सेकंदाला एवढा डेटा घेणारी) एमपी३ गाणी बारा तासांहून जास्त बसतात, म्हणजे पुण्याला जाऊन परत येईपर्यंत पुरतात. ३२० किलोबिटची घेतलीत तर साधारण पाच तास.

पण एमपी३ सीडी करायची तर आधी प्लेअरच्या तोंडावर 'एमपी३' लिहिलंय का ते बघा. नसेल तर विषय संपला. असेल तरी एम४ए, फ्लॅक किंवा व्हॉट्सॲपवरून आलेल्या ओपस फाईल तो वाजवेलच असं नाही. काही जण नुसतं एक्स्टेन्शन बदलून एमपी३ करतात. मिठाच्या डब्यावर 'गूळ' लिहून मीठ गोड होत नाही! ऑडॅसिटी किंवा व्हीएलसीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये फाईल खरोखर रूपांतरित करावी लागते. १९२ किलोबिट, तेही स्थिर बिटरेट (गाणंभर हा आकडा एकच), ठेवलात तर गाडीतले जुने डेक कुरकुरत नाहीत. बदलत्या बिटरेटला काही डेक वेळ चुकीची दाखवतात. फाईलींची नावं रोमन लिपीत आणि पुढं ०१, ०२ असे आकडे घालून द्या. देवनागरी नावांच्या जागी पुष्कळ डेकवर नुसत्या आडव्या रेघा दिसतात, आणि आकड्यातलं शून्य विसरलात तर दहावं गाणं दुसऱ्याच्या आधी लागतं.

शास्त्रीय गाणं ऐकणाऱ्यांनी तर ऑडिओ सीडीच करावी. मैफलीचं रेकॉर्डिंग तुकडे करून चढवलं तर विलंबितातून द्रुतात जाताना मधेच दोन सेकंदांची शांतता येते, आणि जमलेला रंग जातो. विंडोज मीडिया प्लेअरच्या बर्न ऑप्शनमध्ये मधली जागा काढायची सोय आहे, ती चालू करा. एमपी३ सीडीत हे बहुतेक डेकला जमत नाही. तिथं अख्खा राग एकाच फाईलमध्ये ठेवणं बरं. आणि १२८ च्या एमपी३ची ऑडिओ सीडी केली म्हणून गेलेला बारकावा परत येत नाही, तशी अपेक्षाच ठेवू नका.

गाण्याच्या ॲपमधून 'डाउनलोड' केलेलं मात्र यातल्या कशावरच चढणार नाही. त्या फाईल कुलूपबंद असतात आणि त्या ॲपपुरत्याच उघडतात.

कोरी सीडी घेताना सीडी-आर मागा. पुसून पुन्हा लिहिता येणारी आरडब्ल्यू जुन्या प्लेअरच्या लेन्सला फिकी पडते. वेग सर्वात वरचा न ठेवता १६ एक्सच्या आसपास ठेवा आणि शेवटी सॉफ्टवेअरमधून डिस्क बंद ('फायनलाइज') करायला विसरू नका. उघडी राहिलेली सीडी संगणकावर चालते, प्लेअरला दिसतच नाही.

डेकला यूएसबीचं भोक असेल तर सीडीच्या भानगडीत कशाला पडता? पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करा, एमपी३ टाका, झालं. शाळेच्या गॅदरिंगला साउंडवाल्याकडं द्यायचं असेल तर मी दोन्ही देईन: नाचांच्या क्रमानं लावलेली ऑडिओ सीडी, आणि तीच गाणी पेनड्राइव्हवर. आबांसाठी विचार करायचं कारणच नाही, ऑडिओ सीडी. गाडीच्या डेकसाठी मात्र सीडीवर कागदी लेबल चिकटवू नका, मार्करनंच लिहा. उन्हात डिंक सुटतो, लेबल आत अडकतं आणि मग डेक खोलायला मेकॅनिक शोधावा लागतो.