सह्याद्रीत वाट शोधायला काय घ्यावं: मोबाइल, हँडहेल्ड की घड्याळ?

तोलार खिंडीच्या वरचा रेलिंगचा कातळटप्पा संपला की हरिश्चंद्रगडाचं पठार लागतं. देवळापर्यंत टेकडीमागून टेकडी, आणि ऑगस्टच्या धुक्यात सगळ्या सारख्याच. तिथे भर पावसात मी मोबाइल काढला. नकाशा होता, ट्रॅक, म्हणजे आधी गेलेल्या कुणीतरी नोंदवलेली वाट, होता, बॅटरीही साठ टक्के. पण काचेवर पडणारा प्रत्येक थेंब फोनला बोट वाटत होता. नकाशा आपोआप मोठा होई, सरके, आणि काच पुसायला अंगावर कोरडं असं काहीच नव्हतं. सोबतच्याकडे बटणांचं जुनं हँडहेल्ड, म्हणजे हातात धरायचं जीपीएस यंत्र, होतं. त्याने अंगठ्याने दोन बटणं दाबली, बाण पाहिला आणि चालू लागला.

तरीही ‘कोणतं घेऊ?’ असं कुणी विचारलं तर मी बहुतेकांना मोबाइलच सांगतो. एक-दोन दिवसांच्या ट्रेकला तो पुरतो आणि तो खिशात असतोच. जीपीएसला रेंज लागत नाही, हे अजून अनेकांना पटत नाही. उपग्रहांचे सिग्नल फोन थेट पकडतो. रेंज लागते ती नकाशा उतरवायला, आणि ते काम घरीच उरकायचं. गूगल मॅप्स पायथ्याच्या गावापर्यंत उत्तम, पुढे पायवाटा फारशा दिसत नाहीत. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या नकाशावर चालणारी ऑरगॅनिक मॅप्स किंवा ओस्मअँड ही अ‍ॅप घ्या. पहिलं सुटसुटीत आणि फुकट. दुसऱ्याचे मेनू किचकट, पण ट्रॅकशी खेळायचं असेल तर तेच. डोंगरात फोन फ्लाइट मोडवर टाका, जीपीएस चालू राहतं. बॅटरी खाते ती मुख्यतः रेंजची शोधाशोध.

हँडहेल्ड घ्यावं ते पावसाळ्यात घाटवाटा धुंडाळणाऱ्यांनी, तीन-चार दिवस जंगलात राहणाऱ्यांनी. गार्मिन ईट्रेक्स २२एक्स दोन पेन्सिल सेलवर सुमारे २५ तास चालतं असं कंपनी सांगते. थंडीत, जुन्या सेलवर कमी धरा. पण सेल संपले तर वाडीतल्या किराणा दुकानातही मिळतात, हे पॉवर बँकेला जमत नाही. स्क्रीन मात्र जेमतेम काडेपेटीएवढी, आणि एखादं नाव टाइप करताना संयम संपतो.

जीपीएसवालं घड्याळ मला वाट शोधायला आवडत नाही. उंची बघायला, आल्या वाटेने परत फिरायला झकास. पण जिथे तीन वाटा फुटतात तिथे एवढ्याशा तबकडीवर कोणती आपली, ते कळत नाही. पळणाऱ्यांनी जरूर घ्यावं.

कड्यांशी आणि नाळांशी, म्हणजे कड्यांमधल्या उभ्या घळींशी, मात्र तिघांचीही गत एकच. अरुंद नाळेत आकाशाची जेमतेम पट्टी दिसते, सिग्नल भिंतींवर आपटून येतात आणि ट्रॅक समोरच्या भिंतीवर उडी मारतो. नकाशावर आपण वाटेपासून वीस मीटरवर असतो. प्रत्यक्षात ती वाट दोनशे मीटर खाली, कड्याच्या तळाशी असू शकते. अशा वेळी सरळ रेषेत वाट गाठायला जाऊ नका, शेवटच्या ओळखीच्या खुणेपर्यंत मागे या.

खरं तर उपकरणापेक्षा ट्रॅककडे जास्त बघा. विकिलॉक या ट्रॅक टाकायच्या संकेतस्थळावर सह्याद्रीतले ट्रॅक ढिगाने आहेत. आधी महिना पाहा: मार्चमध्ये कोरड्या ओढ्यातून नोंदवलेली वाट जुलैत पाण्याखाली असते. रेषा एकाच ठिकाणी गुंतागुंतीची झाली असेल तर तो माणूस तिथे चुकला होता. कारवीत घुसून मध्येच संपणारी रेषा बहुधा ढोरवाट. वाडीतला वाटाड्या अशी वाट पहिल्या पावलाला ओळखतो, आणि त्याचे पैसे देताना मी कधी घासाघीस करत नाही.

मदतीसाठी ११२ ला ठिकाण कळवताना अक्षांश-रेखांशांचे अंक कसे लिहिले आहेत तेही सांगा. १९.३९ अंश म्हणजे १९ अंश ३९ मिनिटं नव्हे, १९ अंश २३.४ मिनिटं. या घोळात शोधपथक २८-२९ किलोमीटर दूर जाईल.

उपग्रहावरून मेसेज पाठवणारी इनरीचसारखी उपकरणं या तुलनेत मुद्दाम घेतली नाहीत. परवानगीशिवाय ती भारतात बाळगणं बेकायदा आहे, आणि विमानतळावर परदेशी पाहुणे त्यापायी अटकेत गेले आहेत. अमेरिकेतल्या भावाने ‘येताना आणू का?’ विचारलं, तर त्याला हेडलॅम्प आणायला सांगा.