अमेरिकेत मॉडिफाइड गाडी घ्यावी का? कॅलिफोर्निया, न्यू जर्सी आणि टेक्सस यांचा तुलनात्मक आढावा

अमेरिकेत सेकंडहँड सुबारू डब्ल्यूआरएक्स, गोल्फ जीटीआय किंवा डिझेल पिकअप शोधायला लागलात की जाहिरातींत ‘ट्यून्ड’ (इंजिनचं सॉफ्टवेअर बदललेली), ‘डाउनपाइप’ (टर्बोमधून धूर बाहेर नेणारा पाइप), ‘डिलीटेड’ (प्रदूषण नियंत्रण यंत्रणा काढलेली) हे शब्द सारखे दिसायला लागतात. किंमत बरी असते, गाडी पळते झकास आणि विकणारा खात्रीने सांगतो की इथे कोणी बघत नाही. त्याच्या राज्यापुरतं ते खरंही असू शकतं. पण गाडी तुमच्या नावावर होणार आहे. उद्या नोकरीसाठी राज्य बदललंत तर ती तुमच्यासोबत येणार आहे. म्हणून मराठी मंडळी जिथे मोठ्या संख्येने आहेत अशा तीन राज्यांत कायदा प्रत्यक्षात कसा चालतो, ते इथे शेजारी शेजारी ठेवून बघू.

आधी एक गोष्ट पक्की लक्षात घ्या. गाडीची प्रदूषण नियंत्रण यंत्रणा काढणं किंवा निकामी करणं पन्नासही राज्यांत बेकायदा आहे. क्लीन एअर अ‍ॅक्ट १९७० चा. सुरुवातीला या कायद्याचा रोख कंपन्या आणि डीलरांवर होता; १९९० च्या दुरुस्तीने तो कोणालाही लागू झाला, आणि यंत्रणेला चकवणारे पार्ट बनवणं, विकणं, बसवणं हाही गुन्हा ठरला. २०१५ मध्ये फोक्सवॅगन डिझेल गाड्यांच्या प्रकरणात पकडली गेली ती याच कायद्याखाली. फरक इतकाच की तिथे चकवा कारखान्यातूनच आला होता, इथे तो गॅरेजमध्ये बसवला जातो.

हे प्रकरण किरकोळ नाही. पर्यावरण खात्याने, म्हणजे ईपीएने, २०२० मध्ये अंदाज मांडला: दहा वर्षांत साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअपची यंत्रणा काढून टाकली गेली, आणि त्या गाड्यांच्या आयुष्यात सुमारे ५ लाख ७० हजार टन जादा नायट्रोजन ऑक्साइड हवेत जाणार. फोक्सवॅगनच्या अमेरिकेतल्या दोषी गाड्या सुमारे ५ लाख ९० हजार होत्या. म्हणजे गॅरेजवाल्यांनी मिळून जवळपास तेवढंच मोठं प्रकरण उभं केलं, आणि त्याची चर्चा मात्र कितीतरी कमी झाली. हाच वायू उन्हात ओझोन बनवतो आणि दमेकरी मुलांना दवाखान्यात पाठवतो. या आढाव्यात मी तटस्थ नाही, हे त्यामुळे आधीच सांगून टाकतो.

केंद्र सरकार कोणाला धरतं

ईपीए सहसा तुमच्या दारात येत नाही. कागदावर सामान्य मालकाला एका गाडीमागे सुमारे ५,९०० डॉलरपर्यंत आणि डीलर किंवा उत्पादकाला सुमारे ५९,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. पण खात्याचा जोर पार्ट विकणाऱ्यांवर असतो, कारण एक विक्रेता बंद केला की हजारो गाड्यांचा पुरवठा थांबतो. २०२० ते २०२३ या काळात तर हा विषय खात्याच्या राष्ट्रीय अग्रक्रमांत होता. १७२ दिवाणी प्रकरणं निकाली निघाली आणि साडेपाच कोटी डॉलरहून जास्त दंड लागला. नॉर्थ कॅरोलायनातल्या रूडीज परफॉर्मन्स पार्ट्स या कंपनीवर आणि तिच्या मालकावर २०२४ मध्ये मिळून एक कोटी डॉलरचा भुर्दंड बसला. त्याच वर्षी ऑस्टिनच्या कॉब ट्यूनिंगने सुमारे २९ लाख डॉलर भरायचं मान्य केलं. सुबारूवाल्यांना हे नाव नव्याने सांगायला नको.

सरकार प्रत्येक वेळी जिंकतंच असं नाही. ईबेवर असे तीन लाखांहून जास्त पार्ट विकले गेल्याचा खटला २०२४ मध्ये न्यायालयाने फेटाळला: दुसऱ्यांनी टाकलेल्या जाहिरातींसाठी वेबसाइटला जबाबदार धरता येत नाही, या मुद्द्यावर.

जानेवारी २०२६ मध्ये न्याय खात्याने जाहीर केलं की गाडीच्या ओबीडी प्रणालीत (प्रदूषण यंत्रणेवर नजर ठेवणाऱ्या गाडीतल्या कॉम्प्युटर प्रणालीत) फेरफार केल्याबद्दल क्लीन एअर अ‍ॅक्टखाली फौजदारी खटले आता चालवणार नाही. ही बातमी ‘डिलीट आता कायदेशीर’ अशी पसरली, आणि ते साफ चूक आहे. तुरुंगाची भीती मागे पडली. दिवाणी दंडाची तरतूद जशीच्या तशी आहे आणि राज्यांचे कायदेही आहेत तिथेच आहेत. कोणी ही बातमी दाखवून गाडी गळ्यात मारत असेल तर सावध व्हा.

कॅलिफोर्निया: इथे मालकच सापडतो

बाकी दोन राज्यांपेक्षा कॅलिफोर्नियाबद्दल जास्त लिहितोय, कारण इथे कायदा थेट तुमच्या रजिस्ट्रेशनला बांधलेला आहे. बहुतेक गाड्यांना दर दोन वर्षांनी स्मॉग चेक, म्हणजे प्रदूषण तपासणी. तो पास नाही तर रजिस्ट्रेशन नाही. आपल्या पीयूसीची सवय डोक्यात असेल तर ती काढून टाका. पीयूसीवाला सायलेन्सरमध्ये नळी घालतो आणि आकडा बघतो. इथला तपासनीस २००० नंतरच्या पेट्रोल गाडीला नळी लावतच नाही. स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला केबल जोडतो आणि गाडीच्या कॉम्प्युटरमधलं सॉफ्टवेअर कंपनीचंच आहे का, ते त्याच्या ओळखक्रमांकावरून तपासलं जातं. जुलै २०२१ पासून बदललेलं सॉफ्टवेअर सापडलं की गाडी नापास, मग धूर कितीही स्वच्छ असो. ट्यून काढून मूळ सॉफ्टवेअर परत टाकल्याशिवाय सुटका नाही.

मग बॉनेट उघडतो. टॉर्च मारून एकेक पार्ट बघतो. एअर इनटेक (इंजिनला हवा पुरवणारा पाइप) कंपनीचा नसून बाहेरून घेतलेला असेल तर त्यावरचा छोटा स्टिकर शोधतो, ज्यावर ‘डी’ने सुरू होणारा नंबर असतो. हा ईओ नंबर. राज्याच्या हवा मंडळाने, कार्बने, तो पार्ट तपासून प्रदूषण वाढत नसल्याची खात्री करून दिलेली ही परवानगी. नंबर नसेल, किंवा असूनही तो तुमच्या मॉडेलसाठी नसेल, तर नापास. स्टिकर उन्हा-तेलाने पुसला गेला तरी वाद होतो. पार्ट घेतलात तर सोबतचा कागद आणि जादा स्टिकर जपून ठेवा. पोलिसानेही बेकायदा पार्टवरून पकडलं तर गाडी मूळ स्थितीत आणून सरकारच्या रेफरी केंद्रात दाखवावी लागू शकते.

नव्याने आलेल्यांसाठी एक सापळा सांगतो. पेट्रोल गाडी आठ मॉडेल वर्षांपर्यंत नियमित स्मॉग चेकमधून मोकळी असते, आणि चार वर्षांपर्यंतची असेल तर विक्रीच्या वेळीही प्रमाणपत्र लागत नाही. म्हणजे तीन वर्षांची ट्यून केलेली गाडी सनीवेलमध्ये कोणत्याही तपासणीशिवाय तुमच्या नावावर होते. पुढची चार-पाच वर्षं सगळं सुरळीत. मग पहिला स्मॉग चेक येतो, आणि कॅटलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) नसलेला डाउनपाइप निघतो. आधीचा मालक तोवर कुठे गेला कोणाला ठाऊक.

न्यू जर्सी: तपासणी हलकी, कायदा हलका नाही

न्यू जर्सीतल्या एडिसनच्या मंडळींना तपासणी परिचयाची आहे. नवी गाडी पहिली पाच वर्षं मोकळी, मग दर दोन वर्षांनी सरकारी केंद्रात रांग, आणि तीही फुकट. इथेही ओबीडीला केबल लागते, पण भर असतो तो चेक इंजिनचा दिवा आणि प्रणालीच्या स्व-चाचण्या पूर्ण आहेत का यावर. कॅलिफोर्नियासारखं टॉर्च घेऊन ईओ स्टिकर शोधणं नाही. त्यामुळे तिथे चटकन नापास होणारी गाडी इथे पास होऊ शकते.

पास झाली म्हणजे कायदेशीर झाली, असं मात्र नाही. राज्याचे नियम यंत्रणा काढलेली गाडी चालवायला आणि विकायलाही मनाई करतात. मुद्दाम काळा धूर सोडायची जी फॅशन आहे, ‘रोलिंग कोल’, तिच्यावर न्यू जर्सीने २०१५ मध्येच बंदी आणली.

टेक्सस: निम्मी भीती, पूर्ण गैरसमज

१ जानेवारी २०२५ पासून टेक्ससने खासगी गाड्यांची सुरक्षा तपासणी बंद केली. त्यावरून ‘टेक्ससमध्ये आता काहीच तपासणी नाही’ असं बरेचजण धरून चालतात. धूर तपासणी १७ काउंटींत (जिल्ह्यांत) सुरूच आहे, दरवर्षी, २ ते २४ वर्षं जुन्या पेट्रोल गाड्यांना. डॅलस, ह्यूस्टन, ऑस्टिन आणि एल पासो हे पट्टे त्यात येतात. फ्रिस्को, प्लेनो, अर्विंग, शुगर लँड इथे राहणारे सगळे यात आले. सॅन अँटोनिओची बेक्सार काउंटी नोव्हेंबर २०२६ पासून यादीत येते.

डिझेल गाड्या या तपासणीत नाहीत. म्हणूनच डिलीट केलेले पिकअप या बाजारात भरपूर आणि स्वस्त दिसतात. यंत्रणा जाणूनबुजून काढणं टेक्ससच्या कायद्यानेही गुन्हा आहे, पण दरवर्षी बॉनेट उघडून बघणारं कोणी नाही. तिन्ही राज्यांत पकडलं जाण्याची शक्यता सगळ्यात कमी इथे, हे मान्यच करावं लागेल. गाडी मात्र त्या राज्यातच अडकते. बदली होऊन कॅलिफोर्नियात गेलात तर ती रजिस्टर करायला स्मॉग चेक लागेल, आणि १९९८ नंतरच्या डिझेललाही तो चुकत नाही. काढून टाकलेला डीपीएफ (काजळी अडवणारा फिल्टर), एससीआर (नायट्रोजन ऑक्साइड कमी करणारी यंत्रणा) आणि त्यांचे सेन्सर परत बसवायचा खर्च हजारो डॉलरमध्ये जातो.

मग बदल करायचाच असेल तर काय

कॅटलिटिक कन्व्हर्टरनंतरचा, म्हणजे गाडीच्या मागच्या बाजूचा सायलेन्सर बदलायला (याला कॅट-बॅक म्हणतात) प्रदूषणाच्या अंगाने बहुधा अडचण नाही. आवाजाची मर्यादा तेवढी पाळायची. सस्पेन्शन, ब्रेक, चाकं यांचा या कायद्याशी संबंधच येत नाही, आणि रोजच्या चालवण्यात मजा वाढते ती मुख्यतः यांनीच, असं माझं मत. इनटेक, सुपरचार्जर आणि काही ट्यून ईओ नंबरसह मिळतात. महाग असतात आणि ताकद थोडी कमी देतात, पण तिन्ही राज्यांत चालतात. कॅटलिटिक कन्व्हर्टर नसलेला डाउनपाइप रस्त्यावरच्या गाडीला कुठेच चालत नाही. ‘फक्त ऑफ-रोड वापरासाठी’ असं खोक्यावर छापलेलं वाक्य तुम्हाला वाचवत नाही. ईपीए सूट देतं ती फक्त शर्यतीसाठीच ठेवलेल्या गाडीला, आणि ऑफिसला नेली जाणारी गाडी त्यात बसत नाही. शर्यतीच्या गाड्यांना कायद्यातच सूट द्यावी म्हणून २०१६ पासून आरपीएम अ‍ॅक्ट नावाचं विधेयक अमेरिकन संसदेत फिरतंय, पण मंजूर झालेलं नाही.

माझा कौल असा. बे एरियात किंवा एलएमध्ये असाल तर कंपनीच्या स्थितीतली गाडीच घ्या आणि ईओ पार्ट स्वतः लावा. दुसऱ्याने ट्यून केलेली गाडी स्वस्तात मिळाली तरी नको. न्यू जर्सीत ईओ पार्ट लावलेली आणि कागद पूर्ण असलेली गाडी घ्यायला हरकत नाही. टेक्ससमध्ये पेट्रोल गाडीला हाच नियम लावा. डिलीट केलेला डिझेल पिकअप तर कुठल्याच राज्यात घेऊ नका, पकडलं जाण्याची शक्यता शून्य असली तरी. तो धूर सिग्नलला तुमच्या मागे उभ्या असलेल्या स्कूल बसमध्ये जातो.

कॅलिफोर्नियात पैसे देण्याआधी नंबर प्लेट टाकून सरकारी वेबसाइटवर स्मॉगचा इतिहास बघा, आणि विकणाऱ्याला सोबत घेऊन स्मॉग केंद्रात प्री-टेस्ट करा. तो नाही म्हणाला तर गाडी सोडा. ‘मूळ पार्ट गॅरेजमध्ये आहेत’ असं म्हणाला तर तिथे जाऊन ते डोळ्यांनी बघा आणि मूळ कॅटलिटिक कन्व्हर्टर त्यात आहे का ते विचारा. तो विकून टाकलेला असेल तर नवा, तुमच्या राज्यात चालणारा, बसवायला किती लागतील याचं लेखी कोटेशन मेकॅनिककडून घ्या आणि तेवढी रक्कम भावातून कमी करून मगच बोला.