मेंदू आणि अध्यापन : दोन दिवसांची कार्यशाळा, चार महिन्यांनंतर

मी सातारा जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत चौथीला शिकवते. वर्गात २७ मुलं. दिवाळीच्या सुट्टीत पुण्याला एका खाजगी संस्थेची दोन दिवसांची कार्यशाळा केली, विषय मेंदूविज्ञान आणि वर्गातलं शिकवणं. फी १,८०० रुपये, स्वतःच्या खिशातून. लगेच लिहायला बसले नाही, कारण कार्यशाळेतून उठताना सगळंच पटलेलं असतं. वर्गात काय टिकलं ते बघायचं होतं. आता फेब्रुवारी संपत आलाय, म्हणून लिहिते.

पहिल्या सत्राला पैकीच्या पैकी गुण. प्रशिक्षक ताईंनी आल्या आल्या सांगितलं, "वीस रुपयांची नोट पर्समध्ये असेल, पण बाहेर काढू नका. मागच्या बाजूला कसलं चित्र आहे ते कागदावर लिहा." आम्ही चाळीस जण. त्यातल्या तिघांना आलं. चित्र वेरूळच्या लेण्यांचं आहे. माझ्या शेजारी बसलेले गुरुजी दरवर्षी मुलांची सहल वेरूळला नेतात, त्यांनाही आठवलं नाही. नोट आपण रोज पाहतो, पण ती आठवायची वेळ कधी येत नाही. पुन्हा पुन्हा डोळ्यांखालून गेलं म्हणजे लक्षात राहिलं असं आपण धरून चालतो, आणि माझं अर्धं अध्यापन या समजुतीवर उभं होतं. "धडा परत एकदा वाचा" हे वाक्य मी गेली चौदा वर्षं म्हणत आले.

मग त्यांनी रोडिजर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग सांगितला. कॉलेजच्या मुलांना एक उतारा दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी पुस्तक मिटून आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा उलटं झालं : लिहून काढणाऱ्यांना सुमारे ५६ टक्के आठवलं, वाचणाऱ्यांना ४२ टक्के. हे ऐकून मला आमच्या घटक चाचण्या आठवल्या. आदल्या दिवशी वाचून घ्यायचं, दुसऱ्या दिवशी चाचणी, गुण छान. आणि महिन्याने त्याच मुलाला प्रतापगडाची लढाई कोणत्या साली झाली विचारलं की तो खिडकीबाहेर बघतो.

तिथून मी आणलं ते एक खोकं. लाइटनर नावाच्या जर्मन भाषेत लिहिणाऱ्या पत्रकाराची ही जुनी पद्धत. बुटांच्या खोक्याचे पुठ्ठा घालून तीन कप्पे केले. पहिला रोजचा, दुसरा बुधवारचा, तिसरा महिन्याच्या शेवटच्या शनिवारचा. जुन्या लग्नपत्रिका कापून कार्डं केली, पुढे प्रश्न, मागे उत्तर. बरोबर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की परत रोजच्या. परिपाठानंतर सात-आठ मिनिटं. आग्र्याहून सुटका कधी, राज्याभिषेक कुठे, बारा नव्वे किती, पानाचं काम काय, सगळं एकाच खोक्यात. कार्डं आता मुलंच लिहितात, आणि प्रश्न माझ्यापेक्षा अवघड काढतात.

पाढ्यांबाबत एक गोष्ट कार्यशाळेत कुणी सांगितली नाही, ती मला खोक्यामुळे दिसली. माझ्या लहानपणी आजी दिवेलागणीला परवचा म्हणून घ्यायची. रोज थोडं थोडं, वर्षानुवर्षं. अंतर ठेवून उजळणी केली की ती टिकते हे एबिंगहाऊस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये मांडलं, आणि आमच्या ओसरीवर ते रोज घडत होतं. पण परवचा नेहमी एकाच क्रमाने चालायचा. माझ्या वर्गातली एक मुलगी बाराचा पाढा घडाघडा म्हणते, पण बारा नव्वे विचारलं की मनात बारा एके बारापासून निघते आणि बोटांवर मोजत नव्व्यापर्यंत पोचते. भागाकाराचं गणित अडतं ते इथेच. एका वेळी मनात तीन-चार गोष्टीच धरता येतात. पाढा शोधायला गेलं की भाग कितीचा लावत होतो, बाकी किती, खाली कोणता अंक घ्यायचा, सगळं निसटतं. ती मुलगी भागाकारात कच्ची आहे असं मी तिच्या आईला सांगितलं होतं. ते चुकीचं होतं, आणि मी पुन्हा बोलावून तसं सांगितलं. कार्डं पिसून विचारायला लागल्यावर तिचा पाढा मधूनही यायला लागला. अजून सतराचा आणि एकोणीसचा येत नाही.

दुसरी टिकलेली गोष्ट पाटीची. प्रश्न विचारला की हात वर करणारी तीच पाच मुलं असतात, बाकीची बावीस आठवायचा त्रासच घेत नाहीत. आता सगळे पाटीवर लिहितात, पाटी छातीशी धरतात, मी "दाखवा" म्हटलं की एकदम वर. संस्थेने यासाठी छोटे पांढरे फलक विक्रीला ठेवले होते. घेऊ नका. पाटी-पेन्सिल पुरते. गुण मात्र देऊ नका, वहीत नोंदही नको. चुकलेल्या पाटीला काही होत नाही हे कळायला माझ्या मुलांना तीन आठवडे लागले. त्याआधी शेजारच्याची पाटी बघूनच लिहीत होती.

आता तक्रार. सर्वांत मोलाचा भाग दहा मिनिटांत उरकला : सराव मिसळून देणं. आपल्याकडे वजाबाकीच्या पाठाखाली सगळी शाब्दिक उदाहरणं वजाबाकीचीच असतात. मूल उदाहरण वाचतच नाही, दोन संख्या उचलतं आणि वजा करतं. म्हणून परीक्षेत मिश्र प्रश्न आले की तोच आवाज येतो, "बाई, बेरीज करायची की वजाबाकी?" गणित करता येतं, पण कोणतं करायचं ते ठरवायचा सरावच कधी झालेला नसतो. मी आता रोज चार उदाहरणं देते, चारही वेगळ्या क्रियांची. पहिल्या पंधरवड्यात चुका इतक्या वाढल्या की मी सोडून देणार होते. असं होतं आणि तरीही थांबायचं नाही, हे तिथे स्पष्ट सांगायला हवं होतं. याला अर्धा दिवस द्यावा, अशी संस्थेला मनापासून विनंती.

दुसऱ्या दिवशीची सकाळ पहिली-दुसरीच्या शिक्षकांनी चुकवू नये. मुलं अक्षरं उलटी का काढतात हे फ्रेंच संशोधक स्तानिस्लास देहान यांच्या कामाच्या आधारे समजावलं. गाय डावीकडे तोंड करून उभी असो की उजवीकडे, मेंदूसाठी ती तीच गाय असते. वस्तू ओळखायला ते सोयीचं, पण वाचताना हीच सवय मोडावी लागते. आपल्या ३ आणि ६ चं बघा, एकमेकांकडे पाठ फिरवलेले. त्यात ३६ ला आपण छत्तीस म्हणतो, सहा आधी, तीस नंतर. पहिलीतलं पोर ६३ लिहितं त्यात त्याचा आळस नाही. आमच्या पहिलीच्या बाईंना मी हे फोनवर सांगितलं, तेव्हा त्या थोडा वेळ गप्पच राहिल्या.

दुपारी मात्र सगळं घसरलं. एक प्रश्नावली भरून घेऊन आम्हाला दृश्य, श्राव्य आणि कृती अशा तीन गटांत वाटलं. मी श्राव्य. मुलांचेही असे गट पाडून तसंच शिकवा म्हणाले. हॅरोल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्येच हे तपासलं होतं, आणि अशा वाटणीने शिकणं सुधारतं याला पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही. नकाशा सगळ्यांनाच बघावा लागतो, कविता सगळ्यांनाच ऐकावी लागते. पुढे डाव्या मेंदूची मुलं आणि उजव्या मेंदूची मुलं, म्हणजे कुणाची मेंदूची डावी बाजू जास्त चालते, कुणाची उजवी, अशी वाटणी. रॉजर स्पेरी यांना १९८१ चं नोबेल मिळालं ते ज्या कामासाठी, त्यातल्या रुग्णांच्या मेंदूचे दोन अर्धगोल जोडणारा तंतूंचा पट्टा शस्त्रक्रियेने कापलेला होता. आपल्या वर्गातल्या मुलांचा तो शाबूत आहे. हे मी हात वर करून विचारलं. उत्तर मिळालं, "वेळ कमी आहे, नंतर बोलू." मला राग आला, आणि तो अजून आहे. सकाळी ज्यांनी पुराव्याने बोलायला शिकवलं, त्यांच्याच व्यासपीठावर हे व्हायला नको होतं. मुलाच्या कपाळावर अशी चिठ्ठी एकदा चिकटली की घरचेही ती वाचायला लागतात.

बाकी व्यवस्था चांगली. खुर्च्या बऱ्या, माईक नीट, जेवणात पुरी-भाजी आणि मठ्ठा, महिलांसाठी स्वच्छतागृह स्वच्छ. फाईलमध्ये मेंदूची रंगीत चित्रं आहेत, त्यांचा वर्गात उपयोग झाला नाही. टिपणं स्वतःच काढा.

जाणार असाल तर पहिला दिवस आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ पूर्ण बसा. जेवण झाल्यावर स्वारगेट गाठलं तरी चालेल, साताऱ्याची गाडी लगेच मिळते. नाव नोंदवताना दीड दिवसाची फी घेतात का ते विचारा. आमच्या वेळी घेत नव्हते.