बोलणारी बाहुली: दीडशे रुपये नक्की कशाचे?

दिवाळीत घेतली, आता कैऱ्या आल्या. फीचर्स खोक्यावर छापलेत, ते पुन्हा सांगत नाही. केस अजून शाबूत आहेत. अमळनेरच्या उन्हात गच्चीवर पडून राहिली तरी रंग उडाला नाही. माझं डोकं फिरलं ते तिच्या पाठीतल्या आवाजाच्या डबीने.

बटण दाबलं की पाच वाक्यं आळीपाळीने. शॉपिंगला जाऊ, केस विंचर, हा ड्रेस कसा दिसतो, आरसा कुठाय, मला बाई भीती वाटते. संपलं. आईने दोन दिवस ऐकलं आणि म्हणाली, “हाई बाई नुसती नटानंच बोलस. काम काय करस हाई?” याच कंपनीचा रोबो भाच्याकडे आहे. तो ‘मोहीम सुरू’ म्हणतो, उलटी गिनती करतो, आणि वर दीडशे रुपयांनी स्वस्त!

संक्रांतीनंतर बाहुली मुकी झाली. वॉरंटी होती, पण कुरिअर आपल्या खर्चाने. फोनवरचा मुलगा म्हणतो, “सर, मुलींना ड्रेसच जास्त आवडतो ना, आवाजाचं एवढं काय?” फोन ठेवला आणि जळगावला गोलाणी मार्केट गाठलं. ताईकडून रोबोही आणला होता, कारण मला दीडशेचा हिशोब लागत नव्हता. दुरुस्तीवाल्याने दोघांचे स्क्रू काढून आतल्या प्लेटा शेजारी ठेवल्या. तीच प्लेट, तोच स्पीकर, तेच तीन सेल. बाहुलीची फक्त एक वायर सुटली होती. म्हणजे दीडशे रुपये गुलाबी रंगाचे.

हे खूळ जुनंच आहे. १९९२ मध्ये अमेरिकेत ‘टीन टॉक’ नावाची बोलणारी बार्बी आली, तिच्या वाक्यांत ‘गणिताचा तास अवघड असतो’ हेही होतं. महिला संघटनांनी आवाज उठवल्यावर बार्बी बनवणाऱ्या मॅटेल कंपनीने ते वाक्य काढलं आणि ज्यांच्या बाहुलीत होतं त्यांना बदलून द्यायची तयारी दाखवली. पुढच्याच वर्षी काही खोडकर मंडळींनी बार्बी आणि जी.आय. जो या सैनिक बाहुल्याचे आवाज अदलाबदल करून खेळणी गुपचूप पुन्हा दुकानात नेऊन ठेवली. बार्बी लढाईच्या गर्जना करायला लागली आणि सैनिक शॉपिंगला निघाला.

मीही दुरुस्तीवाल्याला तेच सांगितलं. सुटलेल्या वायरला डाग मारायचे पन्नास रुपये, अदलाबदल त्यातच.

अपडेट: एक स्टार देणार होतो, आता साडेतीन देतो. बाहुली ‘मोहीम सुरू’ म्हणते आणि पोरगी तिला घेऊन पाण्याच्या टाकीवर चढते (हा वेगळा ताप). भाचा रोबोच्या पत्र्याच्या डोक्यावरून टूथब्रश फिरवतो, कारण रोबोच सांगतो, केस विंचर. त्याला त्यात काहीच वावगं वाटत नाही. दाजींना वाटतं. जुना आवाज परत बसवून आणा म्हणून रोज फोन असतो. दुरुस्तीवाला पुन्हा पन्नास मागतोय, आणि ते मी देणार नाही.