लेख माझे, जाहिरातींचे पैसे दुसऱ्याच्या खात्यात

गोदेला पूर आला की नाशकात पहिला प्रश्न असतो, "दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं?" नदीच्या पात्रातल्या या मूर्तीच्या गुडघ्यापर्यंत, छातीपर्यंत की मारुतीच बुडाला, यावरून पुराचा अंदाज बांधतात. त्यावर मी ब्लॉगवर एक लेख लिहिला होता. रामकुंड, नारोशंकराची घंटा, सराफ बाजार, जुने वाडे असं बरंच लिहून झालंय, पण पावसाळ्यात वाचक येतात ते या लेखावर.

वाचक वाढले तेव्हा वाटलं, जाहिरातींतून निदान स्वतःच्या डोमेनचा, म्हणजे ब्लॉगच्या विकतच्या पत्त्याचा, खर्च निघावा. कॉलेज रोडवर ऑफिस असलेल्या एका माणसाचं नाव ओळखीतून कळलं. तो म्हणाला, "मॅडम, मराठी ब्लॉगला ॲडसेन्सचं, म्हणजे गूगलच्या जाहिरात सेवेचं, अप्रूव्हल सहजासहजी मिळत नाही. आमची ओळख आहे, करून देतो." ८,५०० रुपये घेतले. ॲडसेन्सला अर्ज करायला एक पैसाही लागत नाही आणि तिथे कुणाची ओळख चालत नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. "सेटिंग करायला लागेल" म्हणून मी त्याला ब्लॉगचा ॲडमिनही केलं. डोमेनही त्यानेच घेतलं.

आठवड्याभरात जाहिराती दिसू लागल्या. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू? मग पंचवटीतल्या एका वाचक काकांचा फोन आला. "बाई, मारुतीचा लेख उघडला की पैसे लावून रमी खेळायचं पान समोर येतं. बंद करायला गेलो तर काहीतरी डाउनलोड व्हायला लागलं." वय वर्षं अठ्ठ्याहत्तर. माझ्या भरवशावर ते तिथे आले होते. त्या माणसाला विचारलं तर म्हणाला, "जास्त जाहिराती, जास्त पैसे."

पैशांचं विचारलं की उत्तर ठरलेलं, "१०० डॉलर जमल्याशिवाय मिळत नाहीत." ही मर्यादा खरी आहे, म्हणूनच मी गप्प राहिले. त्याने जे सांगितलं नाही ते असं: खात्यात १० डॉलर जमले की पत्ता पडताळायला घरच्या पत्त्यावर पोस्टाने पिन येतो. सात महिने झाले, माझ्याकडे असं काहीच आलं नाही.

दिवाळीत पुण्याहून भाचा आला. त्याने ब्लॉगचा पेज सोर्स, म्हणजे पानामागचा कोड, उघडला आणि "पब" असं लिहून पुढे सोळा आकडे असलेला नंबर शोधला. हा नंबर म्हणजे जाहिरातींचे पैसे कोणत्या खात्यात जायचे त्याची ओळख. "मावशी, हा नंबर तुझा नाहीच." माझ्या खात्याचा अर्ज तर मंजूरच झालेला नव्हता. मंजूर झालेली दुसरीच एक वेबसाइट त्या माणसाची होती, आणि त्याच खात्याचा कोड त्याने माझ्या ब्लॉगवर चिकटवला होता. रमीवाला कोड वेगळ्याच कंपनीचा.

भाच्याने आधी सगळ्या लेखांचा बॅकअप घेतला, मग त्या माणसाला ॲडमिनमधून काढलं आणि थीम बदलली. तुमच्यावर अशी वेळ आली तर याच क्रमाने करा, कारण दुसरा ॲडमिन आपल्यालाही काढू शकतो. डोमेन मात्र गेलंच. ते त्याच्या नावावर, त्याच्या ईमेलवर होतं. परत मागितलं तर १२,००० रुपये सांगितले. मी दिले नाहीत. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार नोंदवली, पैसे पाठवल्याची पावती जोडली. पण असा फोन पैसे गेल्या गेल्या केला तरच रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त असते. मी सात महिन्यांनी केला. पैसे अजून परत आलेले नाहीत.

तुमच्या ब्लॉगवर कुणी दुसऱ्याने जाहिराती लावल्या असतील तर आजच तो नंबर स्वतःच्या ॲडसेन्स खात्यातल्या नंबराशी ताडून पाहा. डोमेन स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या कार्डाने घ्या.

मी पुन्हा जुन्या, फुकटच्या पत्त्यावर लिहिते आहे. वाचकांनी आपापल्या ग्रुपवर पाठवलेल्या मारुतीच्या लेखाच्या लिंका मात्र अजून त्या डोमेनच्याच आहेत. तिथे आता माझं काही नाही. ते पान उघडलं आणि काही डाउनलोड करायला सांगितलं, तर करू नका.