बीएसए बी३१, अकरा महिने: भाग मिळतात, आटे जुळत नाहीत

एका नटामुळे हे लिहितोय. कार्ब्युरेटरच्या फ्लँजला, म्हणजे इंजिनवर टेकणाऱ्या चपट्या कडेला, दोन नट असतात. त्यातला एक सोडवताना परवा स्टडचे (ज्या आटेदार दांड्यावर नट बसतो त्याचे) आटेच नटाबरोबर तारेसारखे सोलून बाहेर आले. गाडी म्हणजे बीएसए बी३१ ही ब्रिटिश मोटरसायकल, १९५६ची, ३४८ सीसी, सिंगल सिलिंडर, त्यावर अमल ३७६ मोनोब्लॉक कार्ब्युरेटर. गाडीचं वर्णन बाजूला ठेवून थेट सुट्या भागांवर येतो. अकरा महिने मी तेच शोधतोय.

हा नट स्टेनलेसच्या एका किटमधून आला. विकणाऱ्याच्या वर्णनात 'बी३१साठी योग्य, ५/१६ इंच' एवढंच होतं. नट चकचकीत होते आणि भावही कमी, मी लगेच घेतले. लावताना नट दीड आटा गेला आणि अडकला. स्टडवर गंज असेल असं समजून मी पाना लावला. नट पुढे सरकला, शेवटपर्यंत बसला, आणि मला वाटलं काम झालं.

५/१६ ही फक्त जाडी झाली. त्या जाडीत आट्यांचे चार प्रकार: व्हिटवर्थमध्ये इंचाला १८ आटे, बीएसएफमध्ये २२, यूएनएफमध्ये २४ आणि सायकल थ्रेडमध्ये २६. माझ्या स्टडचे २६ होते, किटमधल्या नटांचे २४. त्यात व्हिटवर्थ आणि बीएसएफच्या आट्यांचा कोन ५५ अंशांचा, बाकी दोघांचा ६०चा. दुरून चारही नट सारखेच दिसतात. चुकीचा नट जोर लावून बसवला की तो स्टडचे आटे कापत जातो आणि कापलेल्या आट्यांवर टेकून राहतो. घट्ट झाल्यासारखा वाटतो, पण फ्लँज दाबून धरत नाही. विकणाऱ्याने 'सायकल थ्रेड, २६' हे तीन शब्द लिहिले असते तर माझे पाच महिने वाचले असते. हे मी त्याला कळवलं. 'फिट होतो, कुणाची तक्रार नाही' असं उत्तर आलं. याचा राग अजून गेलेला नाही.

पाच महिने म्हणतोय त्याचं कारण सांगतो. फ्लँज नीट दाबली गेली नाही की पॅकिंगमधून हवा आत जाते आणि मिक्श्चर लीन होतं, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त. गाडी आयडलिंगला कधी चढायची, कधी पडायची, थ्रॉटल बंद केला की सायलेन्सरमध्ये फटफट. मी जेटवर, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या छिद्रावर, संशय घेतला. एक नंबर मोठा मेन जेट घातला, नीडल एक खाच वर घेतली, फ्लोटची सुई बदलली. शेवटी स्लाइड (थ्रॉटलबरोबर कार्ब्युरेटरमध्ये वर-खाली सरकणारा भाग) झिजली असेल म्हणून नवीन बनावटीची स्लाइड मागवली. फरक शून्य. 'पॅटर्न पार्ट, म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेली नक्कल, घेऊ नका, त्या काळचा न वापरलेला मूळ साठाच शोधा' असं मी चार मित्रांना ठासून सांगितलं.

मूळ साठ्यावर माझा विश्वास तरी किती होता! मॅग्डायनोचा (स्पार्क आणि दिव्यांची वीज दोन्ही देणाऱ्या यंत्राचा) कंडेन्सर मी मुद्दाम जुन्या साठ्यातला शोधला, कागदी वेष्टनासकट. गाडी थंड असताना दुसऱ्या किकला सुरू. वीस मिनिटं चालली की गरम होऊन बंद, मग अर्धा तास किक मारा, स्पार्क नाही. कंडेन्सर वापरला नाही तरी आतून म्हातारा होतो, हे तेव्हा मनावर घेतलं नव्हतं. कंडेन्सर मॅग्डायनोच्या फिरणाऱ्या भागात, आर्मेचरमध्ये, असतो; ते पुन्हा उघडावं लागलं आणि मजुरी दोनदा गेली. आता आत आजच्या बनावटीचा कपॅसिटर, म्हणजे कंडेन्सरच, आहे. उन्हात तासभर चालवून बंद केली तरी पहिल्या-दुसऱ्या किकला उठते. रबराचंही तेच. वेष्टनातले जुने रबरी भाग हातात घेतले तर बोटाने दबतसुद्धा नव्हते.

इथवर गेल्या रविवारी लिहिलं होतं. त्यानंतर २६ आट्यांचे दोन स्टड आणि नट आले. बसवण्याआधी फ्लँज काचेवर ठेवून पाहिली तर मधे किंचित वाकलेली. चुकीच्या नटांवर जोर काढला त्याचाच हा परिणाम. काचेवर पॉलिश पेपर पसरून घासून सपाट केली, नवीन पॅकिंग घातलं, दोन्ही नट आलटून-पालटून थोडे-थोडे आवळले. जेट आणि नीडल पहिल्या जागी आणले. गाडी सुरू केली आणि आयडलिंग इतकं संथ, इतकं सरळ लागलं की मी हेल्मेट काढून नुसता ऐकत उभा राहिलो.

म्हणून स्लाइडबद्दल मित्रांना जे सांगितलं ते मागे घेतो. ती उत्तम आहे. मूळची स्लाइड जस्ताच्या मिश्रधातूची, बॉडीही त्याच धातूची, दोघी एकमेकींना झिजवतात. ही अॅल्युमिनियमची, वरून कडक अॅनोडायझिंग केलेली. थ्रॉटल सोडला की टक्कन खाली येते. घेताना कटअवेचा, म्हणजे स्लाइडच्या खालच्या कडेच्या कापाचा, नंबर मात्र जुळवा. तो इंचाच्या सोळाव्या भागांत असतो, म्हणजे ३½ म्हणजे साडेतीन सोळांश.

पैसे वाचवायचे तर दोन गोष्टी. बेअरिंगवरचा नंबर वाचा आणि बेअरिंग विकणाऱ्याकडूनच घ्या. 'विंटेज मोटरसायकलसाठी' म्हटलं की त्याच बेअरिंगचे मी तिप्पट मोजले होते. दुसरं, भागाच्या नंबरातले पहिले दोन आकडे बघा. ६५ बी३१च्या घराण्याचे, ६६ एम२०चे, ६७ ए७-ए१०चे (ही बीएसएचीच दुसरी मॉडेलं). बी३१च्या पार्ट्स बुकात ६६ने सुरू होणारा नंबर दिसला तर तो चुकून आलेला नाही. तो भाग आधी एम२०साठी बनला होता, म्हणून एम२०वाल्यांकडेही विचारा. मला एक भाग असाच मिळाला, सात महिने शोधल्यावर.

आणि पाना. १/४ इंच जाडीच्या व्हिटवर्थ बोल्टच्या नटाची रुंदी ०.५२५ इंच, म्हणजे १३.३ मिलिमीटर. १३चा पाना बसत नाही, १४चा बसतो आणि नटाचे कोपरे गोल करतो. माझ्या आधीच्या मालकाने गाडीचे निम्मे नट असेच गोल केले होते.

थ्रेड गेज (आटे मोजायचं साधन) आता टूलबॉक्समध्ये सगळ्यात वर असतो. मागच्या ब्रेकच्या रॉडचा अॅडजस्टर नट अजून बदलायचा आहे. आज सकाळी रॉडचे आटे मोजले, २६ आहेत. विकणाऱ्याला तेवढंच विचारलंय, उत्तर आलं की पैसे भरतो.